चौथ्या दिवसाचा फोटो

महिन्याचे तीन दिवस मी गॅलरीत असायचे. भाईंदर पूर्वेला आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, आणि त्याला लागून एक माणूस जेमतेम आडवं होईल एवढी गॅलरी. तिथे माझी सतरंजी, माझं ताट, माझा तांब्या. समोर तेव्हा मिठागरं दिसायची, आता इमारती दिसतात. सासूबाई रत्नागिरीकडच्या. गावाला बाजूला बसायला पडवी होती. इथे पडवी नाही म्हणून गॅलरी. चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली की मी पुन्हा घरात यायचे.

माझा आजार डॉक्टरांसारखा समजावून सांगणं मला जमणार नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पण तो इतका काळ का सापडला नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तोंडाने सांगायची लाज वाटते, आजही वाटते, म्हणून लिहिते. इस्पितळातली डॉक्टरीणबाई म्हणाली होती, असा त्रास असणाऱ्या आणखी बायका असणार, फक्त त्या बोलत नाहीत. त्यातल्या एखादीच्या हातात हे पडलं तर बरं होईल.

गॅस

पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी गॅलरीतच होते. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आत, आणि तिथून वर खांद्यापर्यंत. श्वास अर्धाच आत जायचा आणि अडायचा. वाकले की छातीत काहीतरी गुडगुडायचं, बाटलीत थोडं पाणी राहिलं की हलवल्यावर होतं तसं. उजव्या कुशीवर झोपता येईना. मी भिंतीला टेकून बसून राहिले.

सासूबाईंनी दारातूनच विचारलं, "काय गो, कण्हतेस कशाला?"

"छातीत दुखतंय."

"बसून बसून दुखतं. आम्ही या दिवसांत शेतावर जायचो."

मी यांना सांगितलं. हे म्हणजे माझे मालक, फोर्टात एका ऑफिसात कामाला. ते म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ." लगेच आतून आवाज आला, "आत्ता? या अवस्थेत? रिक्षात कोण कोण बसलेलं असतं. आणि डॉक्टरच्या टेबलावर गणपती आहे. आंघोळ होऊ दे तिची." यांनी चप्पल पुन्हा काढून ठेवली.

चौथ्या दिवशी मी न्हाले. पाचव्या दिवशी दवाखान्यात गेलो. तोपर्यंत दुखणं पुष्कळ कमी झालं होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. फोटो स्वच्छ आला.

"काही नाही. गॅस आहे," डॉक्टर म्हणाले. "वाटाणे, चणाडाळ बंद करा."

पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. मग एक महिना काहीच नाही, मग पुन्हा. प्रत्येक वेळी आम्ही आंघोळ झाल्यावरच गेलो. कधी फोटो काढला, कधी नुसतीच नळी लावून तपासलं. प्रत्येक वेळी छाती स्वच्छ. एकदा डॉक्टर यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मूलबाळ नाही ना? बायका मनाला लावून घेतात." मला ऐकू आलं. माझ्या मनाला मी काय लावून घेतलं होतं ते मला माहीत होतं, पण ते उजव्या बरगडीखाली नव्हतं.

घरात या दुखण्याला नाव पडलं. सासूबाई जिन्यात बायकांना सांगायच्या, "आमच्या सूनबाईंची महिन्याची रजा सुरू झाली."

रजा कसली? तेव्हा आमच्याकडे नळाला पाणी नव्हतं, टँकर यायचा. प्यायच्या पाण्याला मी शिवायचं नाही. पण संडासाचं, धुण्याचं पाणी भरायला त्याच दिवसांत माझा विटाळ आड येत नसे. दोन बादल्या घेऊन तीन जिने. प्रत्येक मजल्यावर मी बादल्या ठेवून कठड्याला धरून उभी राहायचे. समोरच्या बिऱ्हाडातल्या हंसाबेन एकदा वर जाताना थांबल्या.

"भाभी, चेहरा तो देखो! बिलकुल सफेद. डॉक्टर को दिखाया?"

"दिखाया. गॅस है."

"गॅस ऐसा होता है?" त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली एक बादली घेऊन वर गेल्या. त्यांना माहीत नव्हतं माझे कोणते दिवस चाललेत. मी सांगितलं नाही.

लाल गोळ्या

पहिल्या डॉक्टरांचा गुण येईना म्हणून यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. तेही आंघोळीनंतरच. ते म्हणाले, फोटोत दिसत नाही, पण वजन उतरलंय, खोकला आहे, टीबीच असणार. थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. तरी गोळ्या सुरू केल्या. लघवी लाल व्हायची, तोंडाची चव गेली, उलट्या व्हायच्या.

टीबी हा शब्द घरात आल्यावर तीन दिवसांचं वेगळं ताट महिनाभराचं झालं. माझा पेला, माझी उशी, सगळं गॅलरीत गेलं. हे खोलीत झोपायचे, मी गॅलरीच्या दाराशी. नणंदेने मुलांना सुट्टीत पाठवलं नाही. सासूबाई माझ्या हातचं खायच्या मात्र. स्वयंपाक करताना तोंडाला पदर बांधायला लावायच्या, आणि खायच्या.

गोळ्यांचा कोर्स मी पुरा केला. एकही चुकवली नाही. शेवटची गोळी घेतल्यावर आठवडाभरात पाळी आली आणि दुसऱ्या दिवशी तेच दुखणं आलं, तिथेच. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. आतापर्यंत वाटत होतं, गोळ्या संपल्या की संपेल. आता पुढे काही उरलं नव्हतं. मला पक्कं वाटायला लागलं की मी या गॅलरीत मरणार, आणि ही माणसं चौथ्या दिवशी मला हात लावणार.

भाकरी

मग सासूबाई गावाला गेल्या. त्यांच्या भावाच्या नातवाचं लग्न होतं, महिनाभर राहणार होत्या. निघताना पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, "तुझे दिवस आले तर करणार काय? कर बाई स्वयंपाक. त्याने उपाशी राहायचं का? देवाला तेवढा हात लावू नको."

एवढी वर्षं जे मोडलं तर आकाश कोसळेल असं पाळलं होतं, ते भाकरीसाठी असं सुटलं.

त्या महिन्यात पाळी आली तेव्हा मी गॅलरीत नव्हते, चुलीशी होते. यांनी पहिल्या दिवशी जेवताना काही विचारलं नाही. भाकरी वेळेवर मिळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परातीत भाकरी थापत होते, तवा तापला होता, आणि उजवीकडे काहीतरी फाटल्यासारखं झालं. मी खाली बसले. श्वास आतच जाईना. हाताला पीठ तसंच. यांना हाक मारायची होती, पण आवाज निघेना, म्हणून मी परात ढकलून दिली. ती जमिनीवर आपटली तेव्हा हे धावत आले.

"काय झालं? अगं, काय झालं?"

आवाज ऐकून आलेल्या हंसाबेननी मला मागून धरून उठवलं, यांनी रिक्षा आणली. जवळच्या नर्सिंग होममध्ये फोटो काढला. त्या दिवशी, त्याच तासाला. तिथल्या डॉक्टरांनी फोटो खिडकीला धरला आणि म्हणाले, "उजवं फुफ्फुस पार बसलंय. इथे ठेवू नका. मुंबईला मोठ्या इस्पितळात न्या. आत्ताच्या आत्ता."

सासूबाई घरी असत्या तर मी चौथ्या दिवसाची वाट बघत बसले असते. हे मी पुष्कळदा मनात म्हणते.

बाटली

मोठ्या इस्पितळात त्यांनी बरगड्यांच्या मधून नळी घातली. भूल दिली होती तरी ढकललेलं कळलं. नळीचं दुसरं टोक खाली काचेच्या बाटलीत, पाण्यात. नळी जाताच बाटलीत बुडबुडे आले आणि मला श्वास घेता आला. कितीतरी दिवसांनी पोटापर्यंत गेलेला श्वास. मी रडले. सिस्टर केरळची होती, तिला वाटलं मला दुखतंय. "रोना नहीं अम्मा, खांसो, जोर से खांसो, हवा निकलेगा," म्हणाली.

त्या एका दिवसात मला किती जणांनी हात लावला. आयाने लुगडं बदललं, सिस्टरने पाठ धरली, डॉक्टरने छाती तपासली, ढकलगाडीवाल्याने उचलून खाटेवर ठेवलं. माझे ते दिवस आहेत हे आयाला तर दिसलंच. ती फक्त म्हणाली, "कपडा दे, बदलते." एवढंच.

शेजारच्या खाटेवर शेवंताबाई होत्या, रायगडच्या. त्यांच्या छातीत पू झाला होता, त्यांनाही नळी होती. त्या आपली बाटली माझ्या बाटलीशी लावून बघायच्या.

"तुझ्या बाटलीत सोडावॉटर, माझ्या बाटलीत गटार. नशीब बघ कसं असतं."

"हसवू नका हो, दुखतं."

"हस गं. हसलं की हवा निघते, सिस्टर म्हणते. फुकटचं औषध."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी वेणी घातली. मी म्हटलं, "मला शिवू नका, माझे दिवस आहेत." त्या म्हणाल्या, "मग केसांना काय झालंय?" आणि घालत राहिल्या.

नाटक

तार केली म्हणून सासूबाई गावाहून आल्या. वॉर्डात आल्या आणि खाटेपासून हातभर लांब, स्टुलावर बसल्या. माझा चौथा दिवस झालाय का हे त्यांनी यांना विचारून घेतलं होतं. बहुतेक यांना सांगता आलं नव्हतं.

तेवढ्यात शिकाऊ डॉक्टरीण आली. वयाने माझ्यापेक्षा लहान. हातात कागद घेऊन तिने विचारायला सुरुवात केली.

"याआधी असं दुखलं होतं का?"

मी मान हलवली.

"कधी?"

हे उभे होते. वॉर्डबॉय होता. पलीकडच्या खाटेजवळ कुणाचा तरी मुलगा होता. मी खाटेच्या पायाकडे बघत म्हटलं, "अधूनमधून."

"अधूनमधून कसलं!" सासूबाई म्हणाल्या. "अहो बाई, दर महिन्याचं आहे हिचं. बाजूला बसली की सुरू. कामाचा कंटाळा, दुसरं काय? नाटक आहे नाटक. बाकी महिनाभर बघा, ठणठणीत असते."

डॉक्टरीणबाई लिहायची थांबली.

"आजी, परत सांगा. बाजूला बसली की, म्हणजे पाळीच्या दिवसांत?"

"मग दुसरं काय सांगते मी?"

"दर महिन्याला?"

"एखादा महिना सोडला तर दर महिन्याला. मी कशाला खोटं बोलू? विचारा हिला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. हे जमिनीकडे बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी आमच्या पिशवीतले जुने फोटो मागितले. एकेक खिडकीला धरून पाहिला. "हे सगळे कधी काढले?"

"आंघोळ झाल्यावर," सासूबाई म्हणाल्या. "विटाळात कोण नेतं दवाखान्यात?"

तिने फोटो एकावर एक ठेवले. मग मलाच म्हणाली, हळू, "फुफ्फुसाबाहेर थोडी हवा साठली असेल तर चार-पाच दिवसांत जिरून जाते, ताई. तुमचं फुफ्फुस दर वेळी थोडं बसत होतं, आणि फोटोपर्यंत परत फुगत होतं."

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर दहा-बारा विद्यार्थी घेऊन आले आणि माझ्या खाटेभोवती उभे राहिले. इंग्रजीत बोलत होते. मला एकच शब्द कळत होता, मेन्सेस, आणि तो परत परत येत होता. मुलगे वहीत लिहून घेत होते. मी चादर हनुवटीपर्यंत ओढली. ते गेल्यावर डॉक्टरीणबाई मागे थांबली आणि मराठीत समजावलं. गर्भाच्या पिशवीच्या आत जे अस्तर असतं, ते चुकून छातीत जाऊन बसलंय. पाळी आली की तिथेही तेच होतं, फुफ्फुसाला बारीक भोक पडतं आणि हवा सुटते. क्वचित होतं असं. टीबी कधी नव्हताच.

मी विचारलं, "म्हणजे मला खरंच होत होतं?"

ती म्हणाली, "हो. खरंच होत होतं."

मला त्याच एका वाक्याची भूक होती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पिशवीतून मोसंबं काढत होत्या.

आवाज

नळीतून औषध सोडून फुफ्फुस छातीला आतून चिकटवलं. तेवढा एक तास मी कुणी विसरायला सांगितलं तरी विसरणार नाही. आतून निखारे ओतल्यासारखं. शेवंताबाईंनी माझा हात धरून ठेवला होता, माझी नखं त्यांच्या मनगटात रुतली होती. नंतर फुफ्फुस नीट फुगावं म्हणून मला फुगे फुगवायला दिले.

घरी सोडताना कॅप्सूल दिल्या, पाळी बंद ठेवणाऱ्या. कॅप्सूल चालू असेपर्यंत मूल होणार नाही, आणि आतापर्यंत मूल न होण्याचं कारणही कदाचित हेच असेल, असं डॉक्टरांनी यांना सांगितलं. यांनी घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दोष हिच्यातच. मी कधीपासून म्हणत होते."

कॅप्सूलने पाळी थांबली आणि दुखणं थांबलं. वजन वाढलं, ओठावर लव आली, आवाज घोगरा झाला. आधीच मी चारचौघांत बोलायला लाजणारी, आता तोंड उघडलं की पुरुष बोलल्यासारखं. भाजीवाला मान वर करून बघायचा. मी बोट दाखवून भाजी घ्यायला लागले.

आणि सासूबाई जिन्यात सांगत होत्या, "मी होते म्हणून कळलं हो. डॉक्टरांना काय कळत होतं? मी बोलले तेव्हा त्या बाईने लिहून घेतलं." हंसाबेन म्हणाल्या, "अच्छा हुआ, माजी."

ते खोटं नाही. माझा आजार त्यांच्याच तोंडून बाहेर पडला, हेच मला जास्त लागतं. मला खोटं पाडायला त्या जे बोलल्या त्यानेच मी वाचले, आणि त्यांना आजही वाटतं की त्या माझ्या भल्यासाठी बोलल्या.

माठ

वर्षाच्या आत डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाळी परत येईल तेव्हा जरा जरी दुखलं तर त्याच दिवशी फोटो काढायचा. हे तिथेच उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

पाळी आली त्या सकाळी सासूबाईंनी न बोलता गॅलरीत सतरंजी टाकली, शेजारी माझा तांब्या भरून ठेवला. मी जाऊन बसले. सवयीनेच बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या खांद्याखाली दुखलं. थोडंसंच. पण मी ते दुखणं ओळखते.

मी दारात येऊन म्हटलं, "मला फोटो काढायला जायचंय."

"आज?" सासूबाई म्हणाल्या. "चौथ्या दिवशी जा ना."

मी यांच्याकडे पाहिलं. ते शर्टाची बटणं लावत होते. म्हणाले, "दोन दिवसांनी काय बिघडतंय? मी रविवारी येतो बरोबर. आईला कशाला दुखवायचं?"

तेव्हा मी घरात आले. स्वयंपाकघरात गेले, माठावरचं झाकण काढलं, ओगराळ्याने पाणी घेतलं आणि प्यायले. सासूबाई बघत होत्या. मी चप्पल घातली आणि एकटीच खाली उतरले.

दवाखान्यात नेहमीचे डॉक्टर होते, गॅस म्हणणारे. टेबलावर गणपती होता. बाकावर पाच-सहा माणसं बसलेली. मी त्या घोगऱ्या आवाजात, सगळ्यांसमोर म्हटलं, "मला काल पाळी आलीय आणि आज छातीत दुखतंय. आत्ता फोटो काढायचाय." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली.

फोटोत उजवीकडे वर, बोटभर काळी जागा होती. हवा. डॉक्टरांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. म्हणाले, "आहे की." मग म्हणाले, "थोडीच आहे. नळी लागणार नाही. पण ओझं उचलू नका, आणि उद्याच मोठ्या इस्पितळात दाखवा."

घरी आले तर माठ रिकामा करून, घासून, ओट्यावर पालथा घातलेला होता. हंडे, कळशा, सगळं ओतून टाकलेलं. टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता. घरात पाणी उरलं होतं ते फक्त गॅलरीतल्या माझ्या तांब्यात.

संध्याकाळी हे आले, बूट काढले आणि पाणी मागितलं. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी एका हाताने फोटो पुढे केला आणि दुसऱ्या हाताने तांब्या.

यांनी फोटो घेतला, न बघता टेबलावर ठेवला. तांब्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग समोर हंसाबेनकडे गेले आणि तिथे पाणी पिऊन आले.

मी तांब्या परत गॅलरीत नेला नाही. ओट्यावर, पालथ्या माठाच्या शेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा दोघंही माझ्याकडे बघत होते. मी फोटो पिशवीत घातला आणि इस्पितळात जायला निघाले.